नीला घाडीगावकर ‘हो’ म्हणत नाही

भटवाडीत नीला घाडीगावकरला सगळे ओळखतात, पण ती नोकरीत नेमकं काय करते हे एकालाही धड सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरवर असते," एवढ्यावर भागतं. तिच्या वडिलांना, म्हणजे नंदू घाडीगावकरांना, एवढ्यावर भागवणं कधीच जमलं नाही. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. काम म्हणजे संध्याकाळी हाताला काहीतरी लागायला हवं, अशी त्यांची समजूत. आणि पोरगी सांगते की ती दिवसभर एका दुकानात जाते, टोपली भरते, पैसे देते आणि हात हलवत घरी येते.

"असला दुकान चालता तरी कसा?" ते विचारायचे.

"मी जाते म्हणून चालतं," नीला म्हणायची.

दुकानाचं नाव ‘अंगणहाट’. दुकान कसलं, मोबाइलमध्ये उघडणारी बाजारपेठ. कुकरपासून चटईपर्यंत आणि समईपासून गौरीच्या मुखवट्यांपर्यंत सगळं घरपोच. ऑफिस अंधेरीत, चकाल्याला, एका काचेच्या इमारतीत. नीला असल्फ्याहून मेट्रो पकडून तिथं जायची. तिचं काम दुकानाची परीक्षा घेण्याचं. तेही स्वतः बटणं दाबून नव्हे. ती खोटी गिऱ्हाइकं लिहायची. कोडमधली ही गिऱ्हाइकं आपसूक दुकानात शिरायची, वस्तू शोधायची, कूपन लावायची, पत्ता बदलायची, पैसे भरायची आणि कुठं अडखळली की बोंब मारायची. सगळं नीट झालं तर पडद्यावर हिरवं, अडलं तर लाल. गिऱ्हाइकांना नावं लागतात म्हणून तिनं घरचीच घातली होती. नंदू घाडीगावकर या गिऱ्हाइकानं आजवर हजारो कुकर घेतले आणि निम्मे परत केले, हे कळल्यावर खरे नंदू दोन दिवस गालातल्या गालात हसत होते.

एका संकष्टीला मोदक वळता वळता तिनं वडिलांना सगळी विद्या समजावली होती. "हे बघा बाबा. सारण वेगळं चाखून बघितलं, ती युनिट टेस्ट. एकेका तुकड्याची. सारण चांगलं, उकड चांगली, पण दोन्ही एकत्र आल्यावर पारी फुटली तर? ती बघायची ती इंटिग्रेशन टेस्ट. मग आख्खा मोदक पानात वाढून, तूप घालून, पाहुण्यासारखं बसून खायचा. ती एंड-टू-एंड. पाहुण्यांऐवजी आख्खी भटवाडी जेवायला आली तर पुरेल का, ती लोड टेस्ट."

"आणि मोदकाच्या नादात वरण लागला तर?"

"ती रिग्रेशन! नवीन करताना काल चांगलं असलेलं बिघडलं नाही ना, ते बघायचं."

"ह्या तुझी आवस पगार न घेता करी," नंदू नीलाच्या आईच्या आठवणीनं म्हणाले आणि त्यांनी एक मोदक टेस्ट केला.

नीलाचं वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर, "आले होते की. टेस्टमध्ये सगळे फेल झाले," असं म्हणून मोकळी होते. बाई तिखट आहे, आणि ते तिखट तिला कोणी सहजासहजी दिलेलं नाही. ती लागली तेव्हा परीक्षा हातानं व्हायची. तोच फॉर्म, तेच बटण, दिवसभर टकटक. मग सगळीकडे ऑटोमेशन आलं आणि हातानं टेस्ट करणाऱ्यांना कंपन्यांनी घरी पाठवायला सुरुवात केली. तिच्या तेव्हाच्या साहेबानं तिला समजावलं होतं, की चाळिशीत कोड शिकणं काही खायचं काम नाही, त्यापेक्षा घरून काहीतरी सुरू कर, पापड वगैरे. पापड! नीला सहा महिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ बघत राहिली, चुकत राहिली, रडली, शिव्या दिल्या आणि शिकली. अंगणहाटमध्ये लागली ती कंत्राटावर, दर वर्षी नव्यानं सही करायच्या बोलीवर. पण लागली.

आणि तिथं तिला एक गोष्ट मिळाली, जिच्यासाठी तिनं कंत्राटाचीही फिकीर केली नसती. अंगणहाटचा नियम होता, की दुकानात कोणताही बदल करायचा तर आधी सगळ्या टेस्ट हिरव्या दिसायला हव्यात आणि मग टेस्टरनं स्वतःच्या नावानं ‘हो’ द्यायला हवा. त्या ‘हो’पुढे नाव होतं नीला घाडीगावकर. तिनं ‘नाही’ म्हटलं की कोट्यवधींची उलाढाल असलेलं दुकान जागच्या जागी थांबायचं. उभ्या आयुष्यात बाईच्या ‘नाही’ला एवढी किंमत तिनं दुसरीकडे कुठं पाहिली नव्हती.

आता एक टेस्ट होती, ‘शेवटचा नग’ नावाची. एकच वस्तू शिल्लक आहे आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी पैसे भरले, तर वस्तू एकालाच मिळायला हवी आणि दुसऱ्याला पैसे घेण्याआधी ‘संपली’ असं सांगायला हवं. साधी गोष्ट. पण ही टेस्ट मनात येईल तेव्हा लाल व्हायची आणि परत चालवली की हिरवी. ऑफिसातल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं सासूबाई. उगाच रुसते, थोड्या वेळानं आपोआप हसते. ती लाल झाली की ‘परत चालव’ दाबायचं आणि खाली टपरीवर चहाला जायचं, हा तिथला रिवाजच झाला होता. वर येईपर्यंत हिरवं. या धंद्यात अशा टेस्टना ‘फ्लेकी’ म्हणतात, आणि शंभरातल्या नव्वद ऑफिसात त्यांच्यावर हाच इलाज करतात. तापाला थर्मामीटर झटकणं हा इलाज असेल तर हाही इलाज म्हणायचा.

दर वर्षी गणपतीच्या सेलआधी नीला मागच्या वर्षीच्या तक्रारी वाचायला घ्यायची. प्रत्येक तक्रारीची एक टेस्ट करायची, म्हणजे तीच चूक पुन्हा होत नाही, ही तिची पद्धत. या वर्षी तिच्या हाताला बोरिवलीच्या कोणा शांताबाईंची तक्रार लागली. गौरीच्या मुखवट्यांची जोडी घेतली होती, पैसे कापले गेले, ‘ऑर्डर मिळाली’ असा मेसेजही आला. गौरी यायच्या आदल्या दिवशी कळवण्यात आलं, की माल शिल्लक नाही. कस्टमर केअरनं तक्रारीवर ‘रक्कम परत केली, प्रश्न मिटला’ असा शेरा मारला होता. त्याखाली शांताबाईंनी लिहिलं होतं, "पैसे परत आले. आता गौर म्हणून नोटा उभ्या करू का?"

नीलानं त्या दिवसाच्या ऑर्डरी उघडून बघितल्या. शेवटची जोडी दोघींना विकली गेली होती. पण मग ‘शेवटचा नग’ टेस्टनं तेव्हा बोंब का मारली नाही?

कारण नीलानंच तिचं तोंड दाबलं होतं. कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी, सारखं सारखं लाल होतं म्हणून पोरं तिच्यावर खेकसायची, तेव्हा कटकट नको म्हणून तिनंच एक सोय करून ठेवली होती. लाल झाली की टेस्ट आपोआप तीनदा चालायची आणि तीनातून एकदा जरी हिरवी झाली तरी हिरवी धरायची. नवी होती, लोकांच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं. पुढं ती हे विसरूनही गेली. म्हणजे ऑफिसभर ज्या सासूबाईंचा रुसवा दिसत होता, तो तीन वेळा गिळून उरलेला रुसवा होता. तिनं स्वतःला त्या दिवशी जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिनं ती सोय काढून टाकली आणि टेस्ट चालवली. लाल. पुन्हा चालवली. हिरवी. पुन्हा, लाल.

"फ्लेकी काय नाय ती," ती प्रांजलला म्हणाली. प्रांजल म्हणजे दुकानातल्या मालाच्या हिशेबाचा कोड लिहिणारा, शांत, कानाला कायम हेडफोन लावलेला मुलगा. "खरं बोलतेय बिचारी. आपण तिला गप्प करत होतो."

प्रांजलनं हेडफोन काढले आणि तासभर मान घालून बघितलं. "बरोबर आहे यार," तो शेवटी म्हणाला. "माल आहे का हे बघायचं आणि माल कमी करायचा, याच्यामध्ये बारीकशी फट आहे. दोघं एकदम घुसले तर दोघांनाही माल दिसतो. लॉक लावू शकतो. एक आत गेला की दुसरा बाहेर थांबेल."

त्यानं लॉक लावलं. ‘शेवटचा नग’ हिरवीगार झाली आणि दुसऱ्या बाजूला लोड टेस्ट लाल. सेलच्या गर्दीत सगळेच रांगेत उभे राहिले आणि दुकान गोगलगाईसारखं चालायला लागलं. आता खरी पंचाईत. एक विझवावं तर दुसरं पेटायचं.

टीमचा प्रमुख होता शौनक. हुशार, घाईत असलेला, वाईट मुळीच नाही, पण सेल तोंडावर आला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तो नीलाच्या खुर्चीशी आला. "लॉक काढायला लावतोय प्रांजलला. स्लो साइट परवडणार नाही. आणि ती सासूबाई इग्नोरमध्ये टाक. सेल झाल्यावर बघू."

"इग्नोर नाही करणार."

"नीला, यार, लाखात एखाद्याला होतं ते!"

"ज्या बाईला होतं तिला लाखातलं एक नाही होत, तिला आख्खं होतं. आणि सेलमध्ये शेवटच्या नगावर दोघं नाही, पन्नास जण तुटून पडणार. तेव्हा लाखात एक राहील काय?"

"अगं, पैसे देतो ना परत!"

"गौर उभी करायला पैसे लागत नाहीत, मुखवटे लागतात. तू बायकोला विचार घरी."

आजूबाजूची पोरं कीबोर्ड सोडून ऐकायला लागली होती. शौनकचे कान लाल झाले. त्याच दुपारी प्रियंकानं नीलाला केबिनमध्ये बोलावलं. प्रियंका म्हणजे सगळ्यांची वरिष्ठ. ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, अहो-जाहो काय ते फक्त पगारात. ती गोडच बोलली. "तुझं काम बेस्ट आहे नीला, नो डाउट. पण अडून बसू नकोस. याच महिन्यात तुझं कंत्राट रिन्यू व्हायचंय, तुला माहितीये ना. उद्या सकाळी मीटिंगमध्ये सेलच्या बदलांना ‘हो’ दे आणि मोकळी हो." गोड बोलून दिलेली धमकी नीलाला लगेच ओळखता येते. ती उठली आणि बाहेर आली.

घरी जेवताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, गिरणीच्या संपात उतरलेला माणूस, पाठीवर थाप मारेल. नंदूंनी भाताचा घास तसाच ठेवला.

"सांगतत तसा कर," ते म्हणाले. "हो म्हणूक काय जाता?"

"बाबा!"

"माझा आयक. आमी नाय म्हटला तेव्हा काय झाला? गिरण गेली. तुझ्या आवशीन डबे करून घर चालवल्यान. हात बघलेलंस तिचे? ह्या वयात तुका कोण नोकरी देतलो?"

नीलाला राग आला. ज्या माणसाकडून बळ घ्यायला आलो त्यानंच हात सोडल्यावर येतो तसला राग. "मग तेव्हा तुम्ही का नाही म्हटलंत ‘हो’? म्हणायचं होतं. काय जात होतं?"

नंदूंनी ताट बाजूला सारलं. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नीलाला आपण बोललो त्याचं वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागं घेतले नाहीत. आवरून ठेवलं आणि मनाशी ठरवलं, की म्हाताऱ्याच्या भीतीवर आपली सही करायची नाही.

सकाळच्या मीटिंगमध्ये भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या टेस्ट दिसत होत्या. हिरव्याच हिरव्या आणि मध्ये एकच लाल. प्रियंकानं विचारलं, "नीला, हो?"

"नाही."

"ओके," प्रियंका म्हणाली. तिनं तयारी केलेलीच होती. "मग आजच्यापुरता ‘हो’ प्रांजल देईल. टेस्टर अडला तर टीममधलं कोणीही कारण लिहून ‘हो’ देऊ शकतं, नियमात बसतं. प्रांजल?"

प्रांजलनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नीलाकडे. "कोड माझा आहे," तो म्हणाला, "त्यातली फट मी बघितलीये. मी कसा देऊ?"

"अरे, मग देणार कोण?" शौनक उसळला. "एका टेस्टसाठी आख्खा सेल झोपवायचा काय? वाट लावा कंपनीची!"

नीला उभी राहिली. आवाज चढवला नाही; चढवायची गरजच नव्हती, खोली चिडीचूप होती. "तू दे ना शौनक. तुलाही अधिकार आहे. तुझं नाव घाल आणि शेजारी कारणाची जागा असते तिथं लिही, की लाल आहे, मी बघितलंय, एक वस्तू दोघांना विकली जाणार हे मला ठाऊक आहे, तरी पाठवतोय. मी एका शब्दानं अडवणार नाही. पण माझ्या नावानं खोटं हिरवं जाणार नाही. ते मी एकदा करून बसलेय, आणि त्याची शिक्षा बोरिवलीच्या एका बाईनं भोगलीय."

शौनकनं लॅपटॉप पुढं ओढला. स्वतःचं नाव घातलं. कारणाच्या जागेवर कर्सर लुकलुकत राहिला. माणूस दुसऱ्याच्या सहीनं डोंगर हलवतो, स्वतःच्या सहीवर आलं की त्याला घाम फुटतो. त्यानं दोन शब्द टाइप केले, पुसले, पुन्हा केले, पुन्हा पुसले. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "दुसरा काही रस्ता नाही का रे, प्रांजल?"

रस्ता होता. कोणी विचारलाच नव्हता एवढंच. प्रांजल म्हणाला, "लॉक नको. शेवटचे काही नग विकायलाच काढायचे नाहीत. गोदामात राखून ठेवायचे. फटीतून जास्तीची ऑर्डर घुसली तर राखीव मालातून द्यायची. साइट स्लो होणार नाही."

"विक्रेते ओरडतील. त्यांना सगळा माल संपवायचाय," प्रियंका म्हणाली.

"ओरडू देत," नीला म्हणाली. "ते मराठीत ओरडले तर फोन माझ्याकडे द्या."

दुपारपर्यंत बदल झाला. नीलानं ‘शेवटचा नग’ पुन्हा पुन्हा चालवली, आधी दोन गिऱ्हाइकं, मग पन्नास, मग झुंडच्या झुंड. ज्यानं ज्यानं पैसे भरले त्याला त्याला माल मिळाला. लोड टेस्टही हिरवी. मग तिनं आपल्या नावानं ‘हो’ दिला आणि प्रांजलला खाली नेऊन कटिंग पाजला.

सेल पार पडला. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. जे बिघडलंच नाही त्याबद्दल कोण कोणाचे आभार मानतो? तक्रारी आल्या त्या नेहमीच्या: डबा चेपला, रंग वेगळा, डिलिव्हरीवाला उद्धट. पैसे घेऊन माल नाही, अशी एकही नव्हती.

महिनाअखेरीला प्रियंकानं नीलाला परत बोलावलं. कागद तयार होता. कंत्राट वाढवलं होतं, पगारही थोडा वाढवला होता. फक्त एक बदल होता. इथून पुढं टेस्ट नीलानं लिहायच्या, पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार टीमच्या प्रमुखाकडे राहील. "तुझ्यावरचं टेन्शन कमी," प्रियंका म्हणाली. "तू रिपोर्ट दे, डिसिजन शौनक घेईल."

नीलानं कागद दोनदा वाचला. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"प्रियंका, तुला वाटतं मी इथं टेस्ट लिहायला येते?"

"म्हणजे?"

"टेस्ट काय कोणीही लिहील. आता तर मशीनही लिहून देतं. मी यायचे ती ‘नाही’ म्हणायला. तेच काढून घेतल्यावर उरलं काय? पडद्यावर रंग बघायला माणूस ठेवायचा असेल तर स्वस्तातला ठेव."

"विचार कर. मार्केट खराब आहे. तुझ्या वयात..."

"वयाचं मला पूर्वीही एकानं सांगितलं होतं," नीला म्हणाली. कागद तिनं सही न करता टेबलावर सरकवला, नीट, सरळ. बाहेर येऊन प्रांजलला तीनदा चालवायची सोय पुन्हा कधी सुरू करू नकोस असं बजावलं, टेबलावरचा मग पर्समध्ये टाकला आणि उजेडातच घरी निघाली.

मेट्रोत तिला भीती वाटली. खोटं कशाला सांगायचं? चांगलीच वाटली. घरभाडं, बाबांची औषधं, सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुलाखती. पण ती आतल्या आत एकच गोष्ट तपासून बघत होती, की परत जाऊन सही करावीशी वाटतेय का. प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं.

घरी नंदूंना तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. त्या जेवणापासून दोघं कामापुरतंच बोलत होते. "ठेवत होते, बाबा. मीच राहिले नाही." नंदूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नीला पाणी प्यायला आत गेली. आता हे डोक्याला हात लावून बसणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात गॅलरीतून शेजारच्या दशरथचा आवाज आला. चाळीतली बातमी पोहोचायला मेट्रो लागत नाही. "काय नंदूकाका, चेडवाक कामावरसून काढल्यानी काय?"

नीला हातात ग्लास घेऊन जागीच थांबली.

"काढूक ती काय रद्दी आसा?" नंदूंचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढा चढला होता. "तिना सोडल्यान! सायबाच्या तोंडार ‘नाय’ म्हणान इली माझी चेडू. जा, सांग सगळ्यांका!"